न मागता दिलेला हात

लग्नघरात कामाला अंत नसतो आणि काम करणाऱ्यांकडे फारसं कुणाचं लक्षही नसतं. साधारण १९४६ सालची गोष्ट. अशाच एका लग्नघरात पाहुण्यांची वर्दळ होती, पुढे हसणं-खिदळणं चाललं होतं. मागच्या बाजूला एक म्हातारी मोलकरीण धुण्याच्या ढिगाशी एकटीच झगडत होती. घरातल्या इंदू घुले नावाच्या मुलीला ती दिसली. खरं तर ती सगळ्यांनाच दिसत होती, पण तिचा थकवा इंदूला दिसला. ती गर्दीतून हळूच निघाली, त्या बाईंना बाजूला बसवलं आणि धुणं स्वतः धुवायला घेतलं. याचा कुठे गाजावाजा नाही, कुणाला सांगणं नाही. लग्नाला आलेल्या एका तरुणाने मात्र ते पाहिलं. वरोऱ्याचे मुरलीधर देवीदास आमटे. वकिलीत मन रमेना, संसारात पडावं की नाही हेही ठरत नव्हतं. जन्माची सोबत हिचीच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. डिसेंबर १९४६ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे बाबा आमटे आणि साधनाताई म्हणून साऱ्या महाराष्ट्राने या दोघांना आपलं मानलं. बाबांच्या कामाबद्दल आपण पुष्कळ वाचलेलं, ऐकलेलं असतं. आज थोडं साधनाताईंना आठवू या. सेवेत आणि संसारात सारख्याच रमलेल्या या माउलीच्या दीर्घ आयुष्याची सुरुवात एका धुण्याच्या दगडापाशी झाली, हे मला फार मोलाचं वाटतं. तेवढं तर आपल्यापैकी कुणालाही जमण्यासारखं आहे.

१९४९ साली बाबांनी वरोऱ्यात कुष्ठरुग्णांसाठी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये गावाबाहेरच्या खडकाळ, झुडपांनी भरलेल्या माळावर आनंदवन उभं राहू लागलं. सोबतीला सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि हाताशी १४ रुपये. विकास आणि प्रकाश ही दोन्ही मुलं तेव्हा अगदी लहान होती. साप-विंचवांचं रान. कुष्ठरोगी दिसला की माणसं वाट बदलायची, असा तो काळ. कर्मठ, सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या साधनाताई त्या माळावर राहायला गेल्या. चूल पेटवली, गोठा सांभाळला, रुग्णांना घरचं माणूस मानलं. त्यांनी रुग्णसेवेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं, पण कुष्ठरोग्याची शुश्रूषा जी गोष्ट सगळ्यात आधी मागते ती त्यांच्यापाशी भरपूर होती. या आजारात मज्जातंतूंना इजा होते आणि हातापायांची संवेदना जाते. तव्याचा चटका बसतो, पण कळत नाही. चपलेत खडा जातो, माणूस दिवसभर त्यावरच चालतो आणि संध्याकाळी तळव्याला जखम झालेली असते. म्हणून रोज तळवे-तळहात नीट बघावे लागतात, पाय पाण्यात भिजवून तेल लावावं लागतं, लहानशी लालीसुद्धा वेळीच हेरावी लागते. ज्याला दुखलेलं कळत नाही, त्याचं दुखणं दुसऱ्याने शोधायचं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. औषध, मलमपट्टी नंतर येते. आधी माणूस दिसावा लागतो.

एकदा ही नजर आली की ती रुग्ण आणि घरचे असा भेद करत नाही. बाबांना मणक्याचा आजार जडला. पुढची कितीतरी वर्षं त्यांना बसता येत नव्हतं. एकतर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. अशा माणसाचं जेवण, झोप, प्रवास, येणारे-जाणारे हे सगळं साधनाताईंनी सांभाळलं. १९९० मध्ये बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. साठी ओलांडलेल्या साधनाताई तिथेही त्यांच्याबरोबर होत्या. मुलं डॉक्टर झाली, सुनाही डॉक्टर आल्या. १९७३ मध्ये प्रकाश आणि मंदाताई भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला माडिया आदिवासींमध्ये जाऊन राहिले. पावसाळ्यात जिथला संपर्कच तुटायचा, अशा ठिकाणी लेक-सुनेला जाऊ देणं ही एका आईसाठी सोपी गोष्ट नव्हे. त्यांनी ते मनापासून केलं. पुढे नातवंडांनीही हीच वाट धरली. मुलांना सेवा शिकवायला बसावं, इतका वेळ त्या घरात कुणाला होता? मुलांनी ती रोज बघितली, इतकंच. ताटं वाढताना कुणाचं पान राहिलं याकडे आईचं लक्ष असतं, बोटं झडलेल्या हाताला ती सहज हात देते, हे बघत जी मुलं मोठी झाली, त्यांना वेगळा धडा लागला नाही. ‘समिधा’ या आत्मकथनात साधनाताईंनी हा सगळा प्रवास मोकळेपणाने सांगितला आहे. ९ जुलै २०११ रोजी आनंदवनात त्यांनी देह ठेवला. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मागे राहिलेलं कुटुंब केवळ आमटे आडनावाचं नव्हतं. आनंदवनात ज्यांनी पुन्हा संसार मांडले, शेती केली, माग चालवले, ती सगळीच माणसं त्यांच्या गोतावळ्यातली होती.

तुमच्या-माझ्या घरातही अशी एखादी बाई असतेच. कुणाची आजी, कुणाची आई, कुणाची मोठी जाऊ. कुणाला ताप आला, कुणाचं पथ्य आहे, कुणाची गोळी राहिली, हे तिला न सांगता कळतं. ती सगळ्यांचं बघते, आणि नेमकं तिचं बघायला कुणी उरत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की तिचं तिलाही काही जाणवेनासं होतं. गुडघा दुखतो हे ती ओट्याला टेकून उभी राहते तेव्हा आपल्याला दिसतं. विचारलं तर म्हणते, काही नाही रे, एवढं चालायचंच. ‘मदत करू का?’ या प्रश्नाचंही उत्तर ठरलेलं असतं. ‘राहू दे, करते मी.’ तिच्या बोलण्यात तक्रार नसते, आपणही मोकळ्या मनाने कामाला निघतो. म्हणून आज विचारू नका. एकच काम तिच्या हातून अलगद काढून घ्या. चहाची भांडी विसळून ठेवा. वाळलेले कपडे काढून त्यांच्या घड्या घाला. तिच्या गोळ्यांची पट्टी संपत आली असेल, तर संध्याकाळी येताना नवी घेऊन या. शेजारी एखादी नर्स राहत असेल, रात्रपाळी करून सकाळी घरी येत असेल, तर तिच्या झोपेच्या वेळी आपल्या घरातला टीव्ही जरा हळू लावा. दवाखान्यात रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी जागणाऱ्या बाईला दिवसा चार तास स्वस्थ झोप मिळणं ही लहान गोष्ट नाही. यातल्या कशालाच पाच-दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. थोडी नजर मात्र लागते, आणि ती सरावाने येते. पहिल्या दिवशी एक गोष्ट दिसेल. आठवड्याभरात तीन दिसू लागतील. मग कुणी थकलंय हे त्याच्या सांगण्याआधी तुमच्या लक्षात येईल, आणि हात आपोआप पुढे होईल. घरातल्या वडीलधाऱ्या बाईची आठवण तिच्या माघारी तर आपण काढूच. पण ती समोर आहे, तोवर तिच्या कामातला थोडा वाटा उचलला, तर त्या आठवणीत हळहळ कमी आणि समाधान जास्त असेल. आजचा दिवस त्यासाठी पुरेसा आहे. घरातून बाहेर पडण्याआधी दोन क्षण थांबा आणि बघा, आज कुणाच्या हातातलं काम आपण घेऊ शकतो.