‘धरावे’ आणि ‘मारावे’ यांच्यामध्ये : महत्त्वाकांक्षा, अधःपात आणि शोकात्म नाटक

१

महत्त्वाकांक्षेमुळे नायकाचा नैतिक अधःपात होतो आणि अधःपातामुळे विनाश, हे सूत्र शोकात्म नाटकाच्या आपल्याकडील चर्चेत इतके रुळले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. ‘मॅकबेथ’वरील बहुतेक पाठ्यपुस्तकी विवेचनाचा तोच निष्कर्ष असतो. ‘भाऊबंदकी’तील राघोबा-आनंदीबाई आणि ‘घाशीराम कोतवाल’मधील घाशीराम यांनाही तोच साचा लावला जातो. सूत्र खोटे आहे असे नाही. परंतु ते नेमके काय सांगते हे पाहू लागले की अडचणी उभ्या राहतात. मोठे व्हावेसे वाटणे हा दोष आहे काय? तसे असेल तर तो दोष सार्वत्रिक आहे, आणि मग सर्वच माणसे शोकात्म नायक ठरायला हवीत. दोष आकांक्षेत नसून तिच्या अतिरेकात आहे असे म्हटले, तर अतिरेक कोणत्या बिंदूपासून सुरू होतो आणि तो बिंदू कोणी ठरवायचा, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे तितकाच तो संहितेच्या अर्थनिर्णयनाचाही आहे. नाटक तत्त्व सांगत नाही. ते एक कृती घडताना दाखवते. म्हणून इच्छा कोठे संपते आणि कृती कोठे सुरू होते हे पाहण्याची जागा नाटकाइतकी दुसरीकडे क्वचितच मिळते. प्रस्तुत लेखात ही सीमारेषा काही संहितांच्या आणि त्यांच्यामागील इतिहासाच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न आहे.

२

ॲरिस्टॉटलने शोकात्म नायकाविषयी जे विवेचन केले त्यात महत्त्वाकांक्षेला स्वतंत्र स्थान नाही. नायक अत्यंत सद्गुणी नसावा आणि निव्वळ दुष्टही नसावा. त्याच्यावर ओढवणारी आपत्ती दुष्टपणामुळे नव्हे तर ‘हमार्तिया’मुळे ओढवावी, एवढेच तो म्हणतो. ‘हमार्तिया’ या ग्रीक शब्दामागील मूळ कल्पना नेम चुकण्याची आहे. तिचे ‘स्वभावदोष’ असे भाषांतर रूढ झाले आणि त्यातून प्रत्येक नायकाच्या स्वभावात एक ठळक दोष शोधण्याची सवय समीक्षेला लागली. ईडिपसचा उतावळेपणा, ऑथेल्लोचा संशय, मॅकबेथची महत्त्वाकांक्षा अशी यादीच तयार झाली. नेम चुकणे ही घटना आहे, गुणधर्म नव्हे. ती विशिष्ट क्षणी, विशिष्ट हातून घडते. दोषाची यादी करणारी समीक्षा हा क्षणच हरवून बसते.

मराठीत ‘शोकान्तिका’ आणि ‘शोकात्मिका’ हा भेद केला जातो, तो येथे उपयोगी पडतो. शेवट दुःखद असणे वेगळे आणि अनुभवाचा गाभाच शोकात्म असणे वेगळे. महत्त्वाकांक्षी माणसाचा नाश झाला ही केवळ शोकान्त घटना होय. तीत दंडनीतीचे समाधान असते. कर्म आणि फळ यांचा हिशेब जुळला की प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. शोकात्म अनुभव हा हिशेब जुळूनही काहीतरी उरते तेथे सुरू होतो. भासाच्या ‘ऊरुभंग’मध्ये मांडी फुटून पडलेला दुर्योधन हा राज्यलोभाचे फळ भोगणारा माणूस आहे यात शंका नाही, तरीही ते रूपक त्या फळावर समाधान मानत नाही. मांडीवर बसू पाहणाऱ्या मुलाला ती मांडी देता न येणारा बाप आपल्यासमोर येतो, आणि हिशेब अपुरा पडतो.

‘मॅकबेथ’चे वैशिष्ट्यही याच जागी आहे. महत्त्वाकांक्षा हे आपल्या कृतीमागील एकमेव प्रेरक आहे, हे समीक्षकांच्या आधी मॅकबेथ स्वतः ओळखतो, आणि तेही खून करण्यापूर्वी. डंकन आपला नातलग आहे, राजा आहे, पाहुणा आहे, ही तिन्ही कारणे तो स्वतःसमोर मांडतो. म्हणजे त्याचे अज्ञान हे त्याच्या पतनाचे कारण नाही. तो जाणून बुजून करतो. आकांक्षेने विवेक झाकोळला असे म्हणणे त्यामुळे संहितेशी जुळत नाही. विवेक जागा असताना हात पुढे जातो, हे त्या नाटकाचे भय आहे.

३

मराठी रंगभूमीने ‘मॅकबेथ’ अनेकदा आपलेसे करू पाहिले. शिवराम महादेव परांजप्यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही त्याची थेट रूपे. परंतु त्या नाटकाचा खोल अनुबंध जडला तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’शी (१९०९), कारण तेथे कथा उसनी नव्हती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. थोरले माधवराव १७७२ मध्ये वारले होते. नारायणरावाचे वय जेमतेम अठरा वर्षांचे होते. चुलता रघुनाथराव वाड्यातच कैदेत होता. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून रघुनाथरावाला दोषी ठरवले. एवढा इतिहास.

या इतिहासाभोवती एक आख्यायिका वाढली, आणि ती इतिहासाहून बलवान ठरली. गारद्यांना दिलेल्या कागदावर ‘धरावे’ असे होते. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. या आख्यायिकेला निर्णायक कागदोपत्री आधार नाही. तरीही ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रुजला. तो का रुजला, हा खरा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आख्यायिका दोन कामे एकदम करते. एक, ती अपराध अक्षरावर ढकलते. माणसाने काय केले यापेक्षा लेखणीने काय केले हे महत्त्वाचे होऊन बसते. दोन, ती लेखणी एका स्त्रीच्या हाती देते. त्यामुळे राघोबा दुबळा, फसलेला, पण मनाने निर्दोष असा उरतो. महत्त्वाकांक्षेचा सारा काळिमा आनंदीबाईच्या वाट्याला येतो. मॅकबेथ आणि लेडी मॅकबेथ यांच्याशी तुलना करतानाही नेमकी हीच वाटणी केली जाते. वास्तविक लेडी मॅकबेथ डळमळणाऱ्या नवऱ्याला पुढे ढकलते, पण खंजीर त्याच्याच हाती असतो, आणि बँको व मॅकडफच्या कुटुंबाच्या हत्यांचे बेत तर तो तिला विचारातही न घेता करतो. पत्नीच्या महत्त्वाकांक्षेने पतीचा घात केला हे वाचन दोन्ही ठिकाणी पुरुषाच्या कर्तृत्वावर पांघरूण घालणारे आहे.

आपण क्षणभर आख्यायिका खरी मानू. कागदावर ‘धरावे’ इतकेच होते असे समजू. तरी प्रश्न संपत नाही. आपल्याच पुतण्याला, तो पेशवा असताना, थकलेल्या पगारासाठी चिडलेल्या हत्यारबंद गारद्यांकरवी धरायला सांगणारा माणूस कोणत्या गोष्टीवर विसंबून होता? ‘धरा’ या शब्दाची मर्यादा गारदी पाळतील यावर. अशा हातांत असा कागद देणे म्हणजे ‘मारावे’ ही शक्यता पत्करणेच होय. फरक इतकाच की ती शक्यता प्रत्यक्ष आली नसती तर कोणी त्याला खुनी म्हटले नसते. आपल्या हुकुमाचा शेवट काय होईल हे नशिबावर सोपवायचे आणि शेवट वाईट झाला की अक्षराकडे बोट दाखवायचे, हीच येथील नैतिक पतनाची खरी रीत आहे.

म्हणून माझे प्रतिपादन असे : हमार्तिया ‘ध’चा ‘मा’ होण्यात नाही, ती कागद देण्यात आहे. आकांक्षा मनात असते तोवर ती निर्दोष नसली तरी अनिर्णीत असते. आपल्या इच्छेचा भार दुसऱ्याच्या हातावर टाकून परिणामापासून स्वतःला वेगळे ठेवता येईल असे माणसाला वाटते, तेथे ती अधःपात बनते. मॅकबेथ पहिला खून स्वतः करतो आणि पुढचे मारेकऱ्यांकरवी करवतो; त्याचे पतन जसजसे वाढते तसतसा तो कृतीपासून दूर जातो. राघोबा मात्र पहिल्या पायरीलाच या टप्प्यावर उभा आहे. या दृष्टीने पाहता ‘भाऊबंदकी’तील रामशास्त्र्यांचे प्रयोजनही वेगळे दिसते. मॅकबेथची सदसद्विवेकबुद्धी त्याच्या आत बोलते. येथे ती बाहेर, दुसऱ्या माणसाच्या रूपाने येऊन देहान्त प्रायश्चित्त सांगते. यामुळे राघोबाचे अंतर्द्वंद्व उणे होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ज्याने कृती दुसऱ्यांकडे सोपवली त्याची सदसद्विवेकबुद्धीही दुसऱ्याकडेच जावी, यात एक कठोर सुसंगती आहे.

४

आकांक्षा आणि अधःपात यांचे नाते अपरिहार्य नाही, हे दाखवणारे उदाहरण पेशवाईच्याच इतिहासात आहे. १७४० मध्ये थोरले बाजीराव वारले तेव्हा पेशवेपदाचा एक दावेदार बारामतीचा होता. बाबूजी नाईक जोशी हे बाजीरावांना कर्ज देणारे सावकार. त्यांचे बंधू बाजीरावांचे मेहुणे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता. छत्रपती शाहूंनी पद बाळाजी बाजीरावांना दिले. नाईकांची इच्छा लहान नव्हती आणि ती पुरी करण्यासाठी त्यांनी जोर लावला नाही असेही नाही. तरीही त्यांच्यावर कोणी शोकात्म नाटक रचले नाही. पद गेले, वैर राहिले, बारामती राहिली. आणि पुढे त्याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंतांनी (१७२९–१७९४) तेथे आर्यांमध्ये भारत उतरवले, म्हणजे राज्यलोभाने कुळ कसे बुडते याची सर्वांत मोठी कथा.

‘मॅकबेथ’मध्ये ही जागा बँकोची आहे. चेटकिणींचे भाकीत त्यानेही ऐकले. रात्री मनात येणाऱ्या विचारांना आवर घालण्याची प्रार्थनाही त्याने केली. इच्छा दोघांनाही शिवली. कृती एकानेच केली. मात्र बँकोला पूर्ण निर्दोष म्हणणेही कठीण आहे. डंकनचा खून कोणी केला याचा संशय असूनही तो गप्प राहतो, कारण भाकिताचा एक वाटा त्याच्याही वंशासाठी आहे. आकांक्षेने माणूस हात उचलतो तसाच तो तोंडही मिटतो. हा दुसरा प्रकार नाट्यपूर्ण नसल्यामुळे समीक्षेच्या नजरेतून सुटतो.

५

आता दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्या प्रश्नाला सामोरे जायला हवे. महत्त्वाकांक्षेला दोष देण्याचा अधिकार कोणाचा? विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (१९७२) घाशीराम कनोजहून पुण्यात येतो तो महत्त्वाकांक्षी म्हणून नव्हे. दक्षिणेच्या आशेने आलेल्या त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, तुरुंग मिळतो. त्याची आकांक्षा अपमानातून जन्मते. मुलीच्या मोलाने तो कोतवाली मिळवतो, आणि येथे त्याचे पतन निर्विवाद आहे. गौरी मरते आणि त्या मरणाचा काहीही हिशेब जुळत नाही. परंतु शेवटी जमाव त्याला ठेचतो तेव्हा ज्याने कोतवालीचा हुकूम दिला तोच नाना त्याच्या मरणाचाही हुकूम देतो आणि निर्धास्त राहतो. राघोबाने कागद दिला आणि तो अडकला. नाना कागद देतो आणि सुटतो. एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेचे उदाहरण म्हणून हे नाटक शिकवले की नाना प्रेक्षकांतच येऊन बसतो आणि घाशीरामाच्या पतनावर मान डोलावतो.

या आक्षेपाचे मोल विद्यापीठाच्या वर्गात अधिक जाणवते. बारामती-इंदापूर पट्ट्यातील कळससारख्या गावातून पदव्युत्तर वर्गापर्यंत आलेल्या विद्यार्थ्याचा विचार करावा. कालव्याच्या पाण्याने बागायत आणि जिरायत अशी सरळ विभागणी झालेल्या या मुलखात पुढे जाण्याची इच्छा ही चैन नसते. अनेक घरांत ती एकमेव भांडवल असते. त्याला ‘महत्त्वाकांक्षा माणसाचा नाश करते’ हा निष्कर्ष शिकवणे म्हणजे, आपल्या नकळत, ‘आहेस तेथेच राहा’ असे सांगणे होय. शिखरावर असलेल्यांनी चढणाऱ्यांना केलेला उपदेश आणि शोकात्म नाटकाचा आशय या दोहोंत गल्लत होता कामा नये. ‘कळस’ या शब्दालाच मराठीने दोन अर्थ दिले आहेत : देवळाचे काम पुरे झाल्याची खूण, आणि अन्यायाने, पापाने गाठलेली परिसीमा. शिखर तेच, ते कशावर चढवले आहे यावर अर्थ ठरतो.

अर्थात, अपमानातून आलेली आकांक्षा म्हणून ती क्षम्य, असा उलटा निष्कर्षही काढता येणार नाही. गौरी त्याला आडवी येते. घाशीरामावर अन्याय झाला हे खरे आणि त्याने आपल्या मुलीवर अन्याय केला हेही खरे. पहिल्याने दुसऱ्याचे स्पष्टीकरण मिळते, समर्थन मिळत नाही. स्पष्टीकरण आणि समर्थन यांतील हे अंतर मिटू न देणे, हेच शोकात्म नाटकाचे नैतिक काम आहे. दंडनीती स्पष्टीकरण नाकारते. भाबडी सहानुभूती त्यालाच समर्थन मानते. नाटक दोन्ही सत्ये एका रंगमंचावर उभी ठेवते.

६

तेव्हा सूत्र बदलायला हवे. महत्त्वाकांक्षेमुळे अधःपात होतो असे म्हणण्याऐवजी, आपल्या इच्छेची किंमत दुसऱ्याने चुकवावी आणि तिचा दोषही दुसऱ्यावर जावा अशी व्यवस्था माणूस करतो तेथे अधःपात सुरू होतो, असे म्हणणे संहितांना अधिक धरून आहे. ही व्यवस्था कधी मारेकऱ्यांची असते, कधी गारद्यांची, कधी मुलीची, तर कधी निव्वळ मौनाची. या सूत्राने मोठे होऊ पाहणारा माणूस आपोआप आरोपी ठरत नाही, आणि मोठा होऊन बसलेला आपोआप सुटतही नाही. ‘धरावे’ लिहिणाऱ्याला ‘मारावे’चा जाब विचारता येतो. इतिहासात रामशास्त्र्यांनी तो विचारला. समीक्षेने मात्र बराच काळ अक्षर कोणी बदलले याचीच चर्चा केली आहे.