शून्य नंबरचा साहेब

दुसऱ्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न खरं तर तत्त्वज्ञांचा. पण तो रोज सोडवण्याचा पगार मिळतो आम्हां बँकेतल्या कारकुनांना. समोर धडधाकट उभ्या असलेल्या पेन्शनर आजोबांकडे आम्ही हयातीचा दाखला मागतो. तेही बिचारे, आपण जिवंत आहोत, असं सही करून कळवतात.

म्हणूनच एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टिम, हा प्रकार कळला तेव्हा मी गारच झालो. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने तो १९८४ च्या सुमारास तयार केला. एका कॉम्प्युटरवरची डिरेक्टरी, म्हणजे आपलं फायलींचं कपाट, दूरच्या कॉम्प्युटरवर जणू तिथलंच असावं तसं दिसतं. कपाट जागचं हलत नाही. शेजाऱ्याच्या भिंतीत फक्त त्याचं दार उघडतं. हे दार कोणत्या कॉम्प्युटरला द्यायचं, त्याला नुसतं वाचू द्यायचं की लिहूही द्यायचं, हे मालकाच्या ‘एक्स्पोर्ट्स’ नावाच्या फायलीत नोंदलेलं असतं.

इथवर ठीक. पण दाराशी आलेला इसम कोण? इथे प्रत्येक माणसाला एक नंबर असतो. पलीकडचा कॉम्प्युटर सांगतो, “हे १००१ नंबरचे गृहस्थ.” जुन्या साध्या पद्धतीत अलीकडचा नुसती मान डोलावतो. सही नाही, नमुना नाही! अलीकडे १००१ म्हणजे जोशी आणि पलीकडे १००१ म्हणजे कुलकर्णी असले, तर कुलकर्ण्यांनी जोशांच्या फायली खुशाल उघडाव्यात.

अपवाद एकच, शून्य नंबरचा. युनिक्सच्या राज्यात शून्य म्हणजे ‘रूट’, सर्वेसर्वा. (साहेबाला शून्य नंबर देणारा माणूस नक्की कुठल्यातरी ऑफिसात खर्डेघाशी केलेला असणार!) हा रूट परक्या दाराशी येऊन “मी साहेब” म्हणाला, की मालकाने मुद्दाम सूट लिहून ठेवली नसेल तर त्याला एरवी सरळ ‘नोबडी’ करून टाकतात. म्हणजे कोणीच नाही!

आमचा शिरस्ता बरोबर उलटा. साध्या माणसाला साक्षीदार आणायला सांगायचं आणि “मी अमक्या साहेबांचा माणूस” म्हणणाऱ्यासाठी चहा मागवायचा.

म्हणजे यंत्र आपल्यापेक्षा शहाणं? थांबा. पलीकडचा साहेब स्वतःच्या घरात सर्वेसर्वाच असतो. तिथे त्याने १००१ चा सदरा अंगात चढवला, की तो कुलकर्णी होऊन येतो आणि यंत्र पुन्हा मान डोलावतं. भोळा विश्वास लुच्च्यालाच सोयीचा. शेवटी साक्ष काढावीच लागली. २००० सालच्या चौथ्या आवृत्तीत ‘केर्बेरॉस’ नावाच्या, ओळख पटवून देणाऱ्या पद्धतीची सोय असणं बंधनकारक ठरलं.

तेव्हा दाखला मागणं हे काही पाप नव्हे. आजोबांकडे मागून साहेबांना सोडणं, हे पाप. दाखला मागायचा तर सगळ्यांकडेच मागावा. आणि आपण दुसऱ्याच्या दारी जाऊ तेव्हा साहेबपण चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवावं. ते सहसा कोणी चोरून नेत नाही.