वाफ्यातील रोप

बारामती व इंदापूर हे तालुके अवर्षणाचे. तथापि मृगाची वाट पाहत आमचे बागाईतदार स्वस्थ बसत नाहीत. टोमॅटोचे बी ते आधीच सावलीत वाफ्यावर टाकतात. 25 ते 30 दिवसांत रोप लावणीस येते. लावणीपूर्वी आठवडाभर माळी त्याचे पाणी तोडतो व त्यास ऊन दाखवतो. हे निष्ठुरपण नव्हे. लाडावलेले रोप शेतातील पहिल्याच उन्हात मान टाकते.

पाऊस लांबला, कर्जाचा हप्ता आला, म्हणजे प्रभूने आम्हांस टाकिले असे आम्ही म्हणतो. बंधूंनो, माळी वाफा सोडून गेलेला नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील शेतकरी धीराने वाट पाहतो. पण बी पेरून पाहतो. आपणही पाऊस लांबला म्हणून बी गाडग्यातच ठेवू नये.