चेहरा आणि वारसा

चेहरा माणसाचा स्वतःचा खरा. परंतु तो त्याला स्वतःला थेट कधीच दिसत नाही, तो इतरांनाच दिसतो. म्हणून चेहऱ्यात दुरुस्ती करून घेण्याचा निर्णय नेमका कोणाचा, हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

१७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्यानजीक झालेल्या एका शल्यक्रियेचे वर्णन छापले. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक टिपूच्या कैदेत असताना कापले गेले होते. शल्यकर्म्याने आधी मेणाचे नाक बेतून जागेवर बसवून पाहिले. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले आणि रेघ आखून तेवढी त्वचा खाली वळवली. कावसजीपुढे नैतिक पेच नव्हता. हिरावलेले परत मिळवायचे होते.

जन्मजात ठेवणीचे मात्र तसे नाही. माझ्या भाचीचा खालचा जबडा पुढे आलेला होता. तिला घास नीट तोडता येत नसे. ही ठेवण माझ्या आईची. शल्यक्रिया ठरली तेव्हा भाचीने विचारले, “मामा, मी आजीला पुसून टाकते आहे का?”

या प्रश्नाचा उलगडा पूर्वतयारीच्या काळात झाला. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबून पुढे दीड वर्ष तिने दातांना तारा बांधून घेतल्या. अशा जबड्यात दात कलते होऊन हाडांमधील विसंगती थोडीफार झाकतात. तारा त्यांना आधी सरळ करतात. त्यामुळे दोष मिटण्यापूर्वी अधिकच उघडा पडतो. शिवाय खालच्या ओठाची संवेदना उणावण्याचा संभव जाणून संमती द्यावी लागते. निर्णय केवळ लोकांच्या नजरेखातर घेतलेला असेल, तर तो येथे टिकणे कठीण. कारण ती नजर याच काळात सर्वाधिक बोचते.

भाचीचा निर्णय टिकला. तिच्यामुळे मला आठवले, की आई आयुष्यभर भाकरी दुधात कुस्करून खात असे. ती तिची आवड, असे आम्ही घरात कौतुकाने सांगत आलो. ती अडचण असू शकेल, असे कोणाच्या मनातही आले नाही.

वारसा जपायचा, तर त्यातील मुकाट सोसणेही जपलेच पाहिजे काय? मला तसे वाटत नाही. भाचीने आजीला पुसले नाही. आम्ही न विचारलेला प्रश्न तिने विचारला.