विटेचे उपयोग

बटर चिकन पहिल्यांदा कोणी केलं, हा प्रश्न 2024 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयासमोर आला. पेशावर सोडून आलेले कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी हे दर्यागंजातल्या ‘मोती महल’चे भागीदार. आज दोघांच्या वारसांचे व्यवसाय वेगळे आहेत आणि हा पदार्थ आपल्याच आजोबांना सुचला, असं दोन्ही घराणी सांगतात. एक बाजू म्हणते, भाजून ठेवलेली तंदुरी कोंबडी कोरडी पडायची, ती वाया जाऊ नये म्हणून टोमॅटो, लोणी आणि साय घालून तिला रस्सा केला. दुसरी म्हणते, रात्री उशिरा गिऱ्हाइकं आली, कोंबडी थोडीच उरली होती, ती सगळ्यांना पुरावी म्हणून रस्सा केला.

निकाल लागायचा तो लागो. दोन्ही कहाण्यांमध्ये एक गोष्ट सारखीच आहे: उरलेलं पुरवलं, टिकवलं. फाळणीनंतरच्या त्या दिल्लीत हे काम एका हॉटेलात नाही, घराघरात चाललं होतं. निर्वासितांच्या छावण्यांमध्ये, वाटून मिळालेल्या दोन खोल्यांमध्ये, बायका असलेल्यातून नवं काहीतरी रोज रांधत होत्या. त्या रश्श्यांना नाव मिळालं नाही, म्हणून त्यांचे वारसही कोर्टात नाहीत. नवनिर्मिती आपण बहुधा कर्त्याच्या नावावरून ओळखतो. सही असेल तर निर्मिती, नाहीतर नुसतं घरकाम. ही सवय आपल्याला कशी लागली, याचा माग काढण्यासारखा आहे, कारण आपल्या परंपरेची सुरुवात अशी झालेली नाही.

वैयाकरण भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीय’मध्ये प्रतिभा ही कवीची मक्तेदारी नाही. ती सगळ्या जिवांमध्ये आहे, असं तो मानतो आणि उदाहरणं देतो ती वसंतातल्या कोकिळेच्या आवाजाची आणि पाखरांच्या घरट्यांची. कोणी न शिकवता, समोरच्या परिस्थितीत नेमकं काय करायचं ते आतून उमगणं, ही त्याची प्रतिभा. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तल्या चौसष्ट कलांच्या यादीतही गाणं आणि नाच यांच्याच पंक्तीला भाज्यांचे नाना प्रकार करणं, सरबतं करणं, शिवणकाम, अंथरूण घालणं आणि सुतारकाम बसलेलं आहे. ही यादी नागर, सुखवस्तू माणसासाठी होती, हे खरं. तरी पंक्तिभेद तिच्यात नव्हता. पुढे दहाव्या शतकात काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी नित्य नवे कोंब फुटणाऱ्या प्रज्ञेला प्रतिभा म्हटलं. व्याख्या इतकी देखणी होती की काव्यशास्त्राने ती उचलली, आणि प्रतिभा म्हणजे कवीची प्रतिभा हे समीकरण पक्कं झालं. मराठी विद्यार्थी आजही ती याच अर्थाने पाठ करतो.

मग आली कलाशाळा. मुंबईत 1857 मध्ये जे. जे. स्कूल सुरू झालं, आणि 1891 मध्ये त्याच आवारात कारागिरीसाठी ‘रे आर्ट वर्कशॉप्स’ निघाली. चित्र-शिल्प एका इमारतीत, धातुकाम-लाकूडकाम दुसरीकडे. स्वयंपाक आणि अंथरूण तर कुठल्याच वर्गात उरले नाहीत.

विसाव्या शतकात हा विषय मानसशास्त्राच्या हाती गेला. 1950 मध्ये जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल सहकाऱ्यांना खडसावलं. पुढे त्यांच्या चाचण्यांतली एक फार गाजली: एखादी साधी वस्तू, समजा वीट, घ्यायची आणि तिचे जितके वेगळे उपयोग सुचतील तितके लिहायचे.

ही चाचणी दिल्लीच्या कुठल्याही गल्लीत उत्तरांसकट मांडून ठेवलेली आहे. मयूर विहारमध्ये आमच्या गल्लीत गाडीची जागा धरून ठेवायला दोन विटा आहेत. कूलरच्या चार पायांखाली चार आहेत, कारण पाण्याने लोखंड गंजतं. उतारावर उभ्या हातगाडीच्या चाकाला एक टेकण आहे. कुत्र्यांच्या पाण्याचं भांडं उलटू नये म्हणून त्याला तीन विटांचं कोंदण केलंय. आणि सप्तपर्णीच्या झाडाखाली प्रेसवालीचं टेबल तर विटांच्याच चार खांबांवर उभं आहे.

त्या टेबलापाशी थोडं थांबू. बाई कोळशाची इस्त्री वापरायची तेव्हा तिचा सगळा दिवस निखाऱ्यांच्या तालावर चालायचा. कोळसा फुललेला असताना खळ घातलेल्या सुती साड्या आणि खादीचे कुर्ते. आच जरा उतरली की शर्ट. निखाऱ्यावर राख धरली की चुन्न्या आणि पॉलिस्टर. मग नवा कोळसा, पुन्हा सुती. म्हणजे एका घराचे कपडे एकदम होत नसत, पाच-सहा घरांचे एकमेकांत मिसळत. तिला लिहिता-वाचता येत नाही. तरी अदलाबदल होत नसे, कारण ज्या चादरीत गठ्ठा आला ती त्या-त्या घराची चादर बाई टेबलामागे ओळीने अंथरायची आणि इस्त्री झालेला कपडा आपल्या चादरीवर जायचा. आता तिने गॅसची इस्त्री घेतली आहे. आच बटणावर आली, तसा तिने जुना क्रम एका आठवड्यात मोडला. एकेका घराचे कपडे एकाच बैठकीत करते आणि त्यामुळे ‘संध्याकाळी हवेत’ म्हणणाऱ्यांचं काम घेऊ शकते, दोन रुपये जास्त लावून. हे कुठे शिकलीस विचारलं तर म्हणाली, ‘‘कपड़ा जल गया तो पैसे कौन भरेगा?’’

विटेच्या चाचणीत ही बाई फारशी चमकणार नाही. तिला वीस उपयोग सुचवायचे नसतात, एकच सुचायला हवा असतो आणि तो चालावा लागतो. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांना हे एका गृहिणीमुळे कळलं. गरीब, फारसं न शिकलेली ती बाई ‘सर्जनशील’ म्हणावं असं काहीच करत नव्हती, पण तिचं घर, तिचं जेवण, तिची पाहुण्यांची व्यवस्था यांत अस्सल नवेपण होतं. उत्तम सूप दुय्यम चित्रापेक्षा जास्त सर्जनशील असतं, या अर्थाचं त्यांचं विधान तिथून आलं. 1988 मध्ये हार्वर्डशी संबंधित रूथ रिचर्ड्स, डेनिस किनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट मोजमापात आणली. त्यांनी माणसांच्या मुलाखती घेऊन आयुष्यभराची कामं आणि छंद तपासले. बक्षीस मिळालं का, हा निकष नव्हता. त्यात नवेपण होतं का आणि त्याला अर्थ होता का, एवढंच पाहिलं. 2009 मध्ये कॉफमन आणि बेगेटो यांनी चार पायऱ्या मांडल्या: स्वतःपुरतं उमगणं, रोजच्या व्यवहारातली कल्पकता, व्यावसायिकाचं कसब आणि युगप्रवर्तकाचं काम. मला यातली पहिली पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. भर्तृहरी जवळजवळ तिथेच उभा होता.

दिल्लीतल्या मराठी घरांत गणपतीच्या आदल्या दिवशी ही पायरी बघायला मिळते. आंबेमोहोर हाताशी नसतो. नुसत्या लांब बासमतीची उकड मोदकाला चिरा पाडते, म्हणून कोणी बासमतीची कणी दळते, कोणी उकडीच्या पाण्यात थोडं दूध घालते, कोणी चमचाभर मैदा. ओला नारळ आयएनए मार्केटातून आणायचा. एकीचा अंदाज फोनवरून दुसरीकडे जातो आणि तिथे पुन्हा बदलतो, कारण तिची कणी वेगळी असते. विचारलं तर प्रत्येक जण म्हणते, ‘‘काही नाही गं, आपलं बघून केलं.’’ त्या ‘बघून’मध्ये किती निरीक्षण आहे, ते सांगणारीलाही जाणवत नाही.

इथे एक धोका आहे आणि दिल्लीच्या बाबतीत तो टाळून चालणार नाही. पश्चिम उत्तर प्रदेशात डिझेल पंपाचं इंजिन गाड्याला बसवून जे वाहन करतात, त्याला ‘जुगाड’ म्हणतात. 2012 मध्ये याच नावावर व्यवस्थापनशास्त्राचं एक पुस्तक गाजलं आणि भारतीयांची कल्पकता हा सभासंमेलनांचा विषय झाला. त्या वाहनाच्या ब्रेकबद्दल मात्र तिथे कोणी बोलत नाही. संगम विहारमध्ये टँकरच्या पाण्यावर घर चालवणारी बाई कुठलं पाणी आधी, कुठलं नंतर, तांदूळ धुतलेलं कशाला, कपड्यांचं उरलेलं कशाला, याचा जो हिशेब करते तो खरोखर बुद्धीचा आहे. पण तिच्या कौतुकात नळ विसरला जात असेल तर ते कौतुक नको. तिची बुद्धी मान्य करायची ती नळ देताना तिला विचारण्यासाठी. तिच्या भागातलं पाणी कुठे, कधी, किती लागतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

यमुनेकाठची नांगला माची ही वस्तीही अशीच माणसांनी वर्षानुवर्षं घडवली होती: घरं, दुकानं, गल्ल्या, येण्याजाण्याच्या वाटा. 2006 मध्ये ती पाडली गेली. कागदोपत्री ते अतिक्रमण होतं. ‘अंकुर’ आणि ‘सराय’ या दिल्लीतल्या संस्थांनी 2001 पासून अशा वस्त्यांमधल्या तरुणांबरोबर ‘सायबरमोहल्ला’ चालवला होता. गल्लीत रोज काय घडतं ते त्या मुलांनी स्वतःच्या भाषेत लिहिलं आणि 2007 मध्ये ‘बहुरूपिया शहर’ हे हिंदी पुस्तक झालं. नांगला माचीचं पाडणं त्यात आहे. घडवणं आणि लिहिणं या दोन्हींपैकी समाजाने लिहिण्याला निर्मिती म्हटलं. घडवण्याला म्हटलं असतं तर निदान पाडण्याआधी वेगळे प्रश्न विचारावे लागले असते.

घरातल्या कामाची निदान मोजणी तरी होऊ लागली आहे: 2019 मध्ये आपल्याकडे पहिलं देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षण झालं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 97. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले. या सर्वेक्षणांत दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत विभागलेला असतो आणि एका खणात एकाहून जास्त कामं नोंदवता येतात, हे चांगलं आहे. पण भाजी ढवळताना उद्याचं पाणी, मुलाचा डबा आणि सासऱ्यांच्या गोळ्या यांची जी नवी जुळणी डोक्यात होते, ती कुठल्या खणात लिहायची? पुढच्या वेळी त्या मिनिटांशेजारी एक प्रश्न वाढवावा, असं मला मनापासून वाटतं: आज कोणतं काम नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने केलंत आणि का? उत्तरं संकेतांकांत बसवायला अवघड जातील. रिचर्ड्स आणि किनी यांनाही ते सोपं गेलं नसणार, पण त्यांनी माणसांना समोर बसवून विचारलं होतं.