उजवीकडची आणि डावीकडची जागा



'फोर्ब्ज' हे अमेरिकन नियतकालिक २००४ सालापासून जगातील सामर्थ्यशाली स्त्रियांची यादी प्रसिद्ध करीत आले आहे. पहिल्या यादीत अमेरिकेच्या कोंडोलिझा राईस पहिल्या, चीनच्या वू यी दुसऱ्या आणि आपल्या सोनिया गांधी तिसऱ्या होत्या. पुढे जर्मनीच्या अँगेला मर्केल अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर राहिल्या. २०१९ साली निर्मला सीतारामन यांचे नाव त्या यादीत आले. हाती पैसा किती, प्रसारमाध्यमांत नाव किती, शब्द कुठपर्यंत चालतो, अशा मापांनी हा क्रम लावला जातो. वर्तमानपत्रात यादी आली की आपण आधी आपल्या देशाचे कोणी आहे का ते पाहतो. त्यात गैर काही नाही.

अशी यादी अठराव्या शतकात निघाली असती, तर तिच्यात आपल्या मावळातले एक नाव नक्कीच आले असते. परंदवडीहून तळेगाव जवळच आहे. तेथील उमाबाई दाभाडे यांचे पती सेनापती खंडेराव १७२९ साली वारले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र सेनापती त्र्यंबकराव पहिल्या बाजीरावांच्या फौजेशी लढताना मारले गेले. शाहू महाराजांनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना दिले. पण ते लहान होते आणि कारभार उमाबाईंच्या हाती आला. पती गेलेला, मुलगा गेलेला, आणि तरीही गुजरातेतील मराठ्यांच्या वसुलीचा व फौजेचा हुकूम तळेगावच्या या बाईंचा! पेशव्यांना अर्धा वाटा देण्याचे ठरले होते, तो त्या देत नव्हत्या. १७५० साली आळंदीला त्या नानासाहेब पेशव्यांना भेटल्या आणि करार रद्द करा म्हणाल्या. पेशव्यांनी ऐकले नाही. तेव्हा ताराबाईंच्या बाजूने त्यांनी दमाजी गायकवाडांना फौजेसह पाठवले. १७५१ साली दमाजी पकडले गेले, दाभाडे मंडळीही कैदेत पडली, आणि १७५३ साली उमाबाईंचे पुण्यात निधन झाले.

त्यांच्या धैर्याविषयी आम्हाला आदरच वाटतो. पण वीस वर्षांचा हा झगडा वाट्यासाठी होता. वसूल भरणाऱ्या कुणब्याला तो तळेगावच्या तिजोरीत गेला काय किंवा पुण्याच्या तिजोरीत गेला काय, सारखेच होते.

वाट्याची आणि जागेची मागणी शुभवर्तमानातही एका स्त्रीने केली आहे. संत मत्तय विसाव्या अध्यायात सांगतो की जब्दीच्या मुलांची आई प्रभू येशूपुढे आली, तिने गुडघे टेकले आणि मागितले ते असे: तुमच्या राज्यात माझ्या एका मुलाला उजवीकडे बसवा, दुसऱ्याला डावीकडे. हे ऐकून बाकीचे दहा शिष्य चिडले. त्यांनाही तीच जागा हवी होती, म्हणूनच चिडले असावेत! येशूने तिला हाकलले नाही. तुम्ही काय मागता ते तुम्हाला समजत नाही, एवढेच तो म्हणाला, आणि मग शिष्यांना जवळ बोलावून ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सेवक व्हावे असे सांगितले.

या बाईचा पुन्हा एकदा उल्लेख येतो, सत्ताविसाव्या अध्यायात. शिष्य पळून गेले होते. क्रूसाकडे दुरून पाहत उभ्या राहिलेल्या स्त्रियांमध्ये जब्दीच्या मुलांची आई होती. येशूच्या उजवीकडे आणि डावीकडे त्या दिवशी दोन चोर होते. आपण कोणती जागा मागितली होती हे तिला तेथे दिसले असेल. करण्यासारखे तिच्या हाती काही नव्हते, पण ती तेथून गेली नाही.

येथे एक धोका आहे. 'सेवा हीच स्त्रीची खरी सत्ता' असे आम्ही पुरुष, विशेषतः आम्ही धर्मगुरू, व्यासपीठावरून फार सहज बोलतो. येशूने सेवेचा तो शब्द खुर्ची मागणाऱ्या पुरुषांना सांगितला होता. तो बाईला खुर्चीवरून उठवण्यासाठी वापरणे हा अप्रामाणिकपणा आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. तरीही गावोगाव 'सरपंचपती' नावाचे, कायद्यात कुठेही नसलेले पद आपण निर्माण केले आहे. सही बाईची आणि बोलणे नवऱ्याचे. नळाला पाणी किती वेळ येते हे जिला रोज हंडा भरताना कळते, तिच्याऐवजी तो उत्तर देतो.

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत उशीर केला आहे. २०२३ साली रोममध्ये भरलेल्या सिनडमध्ये स्त्रियांना प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिस्टर सिमोना ब्रांबिला यांना व्हॅटिकनच्या धर्मसंघविषयक विभागाचे प्रमुख नेमले. अशा विभागाची प्रमुख झालेली ती पहिली स्त्री. आपल्याकडे वेदीवरची फुले, झाडलोट आणि आजाऱ्यांच्या भेटी बहुतेक भगिनी सांभाळतात. हिशेबाची वही मात्र त्यांच्यापुढे क्वचित उघडली जाते.

आपल्या राज्याच्या कायद्यानुसार ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी लागते. पुढच्या वेळी ती होईल तेव्हा आपल्या भगिनींनी जावे, पाण्याचे, रस्त्याचे, रेशनचे जे म्हणणे असेल ते लिहून घ्यायला लावावे. त्या दिवशी घरच्या भाकऱ्या दुसऱ्या कोणीतरी भाजाव्यात.