धर्मशाळा, निवारा आणि घर

सरकारी कामकाजातील कोणताही अर्ज घेतला तरी त्यात पत्त्याचे दोन रकाने असतात: एक सध्याच्या पत्त्याचा, दुसरा कायमच्या पत्त्याचा. बदलीच्या नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणां मराठी मंडळींना या दोहोंतील अंतर चांगले ठाऊक आहे. पहिल्या रकान्यात रामकृष्णपुरम किंवा सरोजिनीनगर येथील क्वार्टरचा क्रमांक येतो. दुसऱ्यात साताऱ्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या गल्लीचे नाव. दुसरा पत्ता स्थिर असतो म्हणूनच पहिल्याचे बदलत राहणे सुसह्य होते. परंतु याच दिल्लीत हजारो माणसे अशी आहेत की, ज्यांना हे दोन्ही रकाने कोरे सोडावे लागतात. २०११ च्या जनगणनेत दिल्लीतील बेघरांची संख्या ४६,७२४ भरली. तीन वर्षांनी, २०१४ मध्ये, दिल्लीच्या नागरी निवारा सुधार मंडळाने केलेल्या पाहणीत ती १६,७६० निघाली. एवढ्या अवधीत तीस हजार माणसे आपापल्या घरी राहावयास गेली, असे कोणी म्हणणार नाही. ज्यांना दार नाही त्यांची मोजदादसुद्धा नीट होत नाही, हाच त्याचा अर्थ.

अशा माणसांकरिता सरकारने सार्वजनिक पैशातून हॉटेले विकत घ्यावीत आणि त्यांतील खोल्या त्यांना कायमच्या राहावयास द्याव्यात, ही कल्पना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु ती प्रत्यक्षात आलेली आहे. २०२० च्या साथीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने प्रथम बेघरांसाठी ओस पडलेल्या हॉटेलांतील खोल्या भाड्याने घेतल्या, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून अशा इमारती विकत घेऊन त्यांचे कायम निवासस्थानांत रूपांतर करण्यासाठी स्थानिक संस्थांना पैसा पुरविला. पहिल्या फेरीत ९४ ठिकाणी मिळून सुमारे ६,००० खोल्या उभ्या राहिल्या आणि त्यांवर सुमारे ८४ कोटी डॉलर खर्च झाले. आमच्यापुढे प्रश्न या हिशेबाचा नाही. ज्याने काही कमावून दाखविले नाही, काही सिद्ध केले नाही, त्याला सर्वांच्या पैशातून घर मिळण्याचा हक्क पोहोचतो काय, हा तो प्रश्न होय.

ही गोष्ट परक्यांची आहे, आपल्या राज्यकारभाराच्या परंपरेत ती बसत नाही, असे म्हणता येईल काय? १९४७ मध्ये फाळणीने उखडलेली माणसे दिल्लीत लोटली, तेव्हा किंग्जवे कॅम्पच्या लष्करी बराकी त्यांच्यासाठी उघडण्यात आल्या. हडसन लाइन्स, आउट्रम लाइन्स ही नावे पुढे वसाहतींची नावे झाली ती त्यामुळेच. दिल्लीत आलेल्या सुमारे पाच लाख निर्वासितांसाठी सरकारने लाजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर अशी नगरेच्या नगरे वसविली. 'आधी रोजगार दाखवा, मग छप्पर देऊ,' असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. छप्पर मिळाल्यावाचून रोजगार सुरू होत नाही, हे त्या राज्यकर्त्यांना उमगले होते.

हॉटेलाचेही उदाहरण हवे असेल तर तेही दूर नाही. २०१४ च्या निवडणुकीनंतर नव्या खासदारांपैकी अनेकांची सोय, बंगले रिकामे होईपर्यंत, सरकारी मालकीच्या अशोक हॉटेलात सार्वजनिक खर्चाने करण्यात आली. पुढे तो खर्च टाळण्यासाठी वेस्टर्न कोर्टला जोडून नवी इमारत उभारण्यात आली व ती एप्रिल २०१८ मध्ये खुली झाली. यात आम्हांस काही गैर दिसत नाही. ज्याला दिल्लीत काम करावयाचे आहे त्याला दिल्लीत राहावयास जागा हवी, हे तत्त्व रास्तच आहे. तुम्ही-आम्ही ज्या क्वार्टरांत राहतो ती याच तत्त्वावर मिळतात, आणि त्यांची लायसेन्स फी बाजारभावाच्या किती खाली असते हे सांगण्याची आवश्यकता नाही. क्वार्टर देताना आमचा हुद्दा, वेतनश्रेणी व ज्येष्ठता पाहिली जाते. आमचे चारित्र्य किंवा व्यसने कोणी तपासून पाहत नाही. याचाच अर्थ, सार्वजनिक पैशातून घर देण्याविषयी मतभेद कधीच नव्हता. ते कोणाला द्यावे, म्हणजेच राज्य कोणाला आपला मानते, एवढाच काय तो वाद आहे.

बेघरांच्या वाट्याला आजवर आला तो रैनबसेरा. त्याची कथाही उद्बोधक आहे. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन कडाक्याच्या थंडीत, पुसा रोडवरील तात्पुरता निवारा महानगरपालिकेने हटविला. जानेवारी २०१० मध्ये उच्च न्यायालयाने त्याची आपण होऊन दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयानेही निवाऱ्यांविषयी आदेश दिले. त्याच वर्षी निवारा सुधार मंडळ स्थापन झाले. २०१३ च्या राष्ट्रीय योजनेने निवारा बारमाही असावा व दर माणशी ५० चौरस फूट जागा असावी असे ठरविले. ही प्रगती खरीच. परंतु फेब्रुवारी २०२३ मध्ये सराय काले खान येथील निवारा पाडण्यात आला, तेव्हा ती किती भुसभुशीत जमिनीवर उभी आहे हेही दिसले. निवाऱ्यात माणसाला रात्र काढता येते, पण पेटी ठेवून कामाला जाता येत नाही, आजारी बायकोला एकटीला निश्चिंतपणे सोडता येत नाही. तेथे कुलूप नसते, आणि असलेच तर त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असते.

मग घरे बांधून द्यावीत, असे कोणी म्हणेल. तीही बांधून झाली. नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेखाली बवाना, नरेला, सावदा घेवरा, भलस्वा अशा दिल्लीच्या कडेच्या भागांत हजारो सदनिका उभ्या राहिल्या आणि वर्षानुवर्षे रिकाम्या पडून मोडकळीस आल्या. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा रिकाम्या सरकारी घरांचे भाड्याच्या निवासांत रूपांतर करण्याची योजना मंजूर केली. चंडीगढ व सुरत येथे तिचा आरंभही झाला. दिल्लीत मात्र अडचण केवळ कागदांची नव्हती, अंतराचीही होती. जुन्या दिल्लीत हातगाडी ओढणारा, लग्नसराईत वाढप्याचे काम करणारा मजूर जामा मशिदीच्या किंवा यमुना बाजारच्या आसपास निजतो, तो तेथे काम मिळते म्हणून. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये हेच मान्य केले होते: माणूस पदपथावर राहतो तो जवळ उपजीविका आहे म्हणून, आणि जागा हिरावली की उपजीविकाही जाते. तीस किलोमीटरांवरील सदनिका अशा मजुराला घर वाटत नाही, हद्दपारी वाटते. हॉटेलाचा मोठा गुण येथेच आहे. ते मुळातच शहराच्या मध्यावर असते. पहाडगंजात किंवा करोलबागेत चालेनाशी झालेली लॉज असेल, तर तिच्या खोल्या बांधलेल्या आहेत, नळ आहे, आणि बाहेर पडताच काम आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पात्रतेचा: व्यसनी, आळशी माणसाला घर दिल्याने तो सुधारेल काय? आमचे उत्तर असे की, सुधारणा ही घराची किंमत म्हणून मागू नये. फिनलंडने २००८ पासून राष्ट्रीय धोरण म्हणून आधी घर व मग इतर साहाय्य असा क्रम लावला, हेलसिंकीतील रात्रनिवाऱ्यांचे सदनिकांत रूपांतर केले, आणि तेथे दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या पुष्कळ घटली. नियमित झोप, औषधाची बाटली ठेवण्यास फळी आणि भेटीस येणाऱ्या डॉक्टराला सांगता येईल असा पत्ता, एवढे असल्याशिवाय व्यसन सोडण्याचा उपदेश हा केवळ वाणीचा विलास ठरतो.

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे, व तो न्यायाचा आहे. पोटाला चिमटा घेऊन झुग्गीचे भाडे भरणारी मोलकरीण, सोनीपतहून किंवा पानिपतहून रोज रेल्वेने येणारा शिपाई, यांनी काय पाप केले? पदपथावरील माणसाला खोली आधी का? हा प्रश्न विचारणाऱ्याला निष्ठुर म्हणणे योग्य नव्हे. रांग मोडली जाण्याचे दुःख काय असते हे ज्येष्ठतायादीवर डोळे लावून बसणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. परंतु रांगेचा नियम समान स्थितीतील माणसांसाठी असतो. इस्पितळात रक्त वाहत असलेल्या माणसाला आधी आत घेतात, तेव्हा बाहेर थांबलेल्यांवर अन्याय झाला असे आपण मानीत नाही. डिसेंबरातील एक रात्र उघड्यावर काढणे, विशेषतः एखाद्या स्त्रीने काढणे, ही प्रतीक्षा नव्हे; तो जिवाला धोका आहे. मात्र या उत्तराबरोबर एक कर्तव्यही येते. खोली फुकट नसावी; मिळकतीच्या मानाने थोडे का होईना भाडे असावे, आणि त्या मोलकरणीचा व शिपायाचा क्रमही दृष्टीआड होऊ नये. एका दुःखिताला दिलेले घर दुसऱ्याला आपला पराभव वाटू लागले, तर चांगली योजनाही समाजाच्या मनातून उतरते.

तिसरी गोष्ट आक्षेप नसून सावधगिरी आहे. भांडवली खर्च व महसुली खर्च यांतील भेद आपल्या वाचकांइतका कोणाला ठाऊक असणार? इमारत एकदा विकत घेता येते. तिचा पंप, तिचा जिना, तिची राखण यांचा खर्च दरवर्षी येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये करोलबागेतील एका हॉटेलाला आग लागून १७ माणसे दगावली. तेव्हा जे प्रवाशाला असुरक्षित ते गरिबाला पुरेसे, असा हिशेब कोणी करू नये. उद्घाटनाची तरतूद करून देखभालीची न करणे म्हणजे बेघराला पुन्हा रस्त्यावर येण्याची तारीख ठरवून देणे होय.

महाराष्ट्रात या विचाराचे बीज जुने आहे. गाडगे महाराजांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. त्यांतील पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्याने चार रात्री टेकावे म्हणून बांधलेली वास्तू त्यांनी शिकणाऱ्या मुलांच्या कार्यासाठी देऊन टाकली. वास्तू कोणत्या हेतूने बांधली यापेक्षा तिची आज कोणाला अधिक गरज आहे, हे त्यांनी पाहिले. सार्वजनिक तिजोरीला यापेक्षा वेगळी कसोटी लावण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

आपणां सर्वांना एक दिवस क्वार्टरची किल्ली परत करावयाची आहे. त्या दिवशी आपल्यापैकी बहुतेकांना जावयास दुसऱ्या रकान्यातील पत्ता असेल. ज्याला तो नाही, त्याला निदान पहिल्या रकान्यात लिहिण्यापुरता, पुन्हा पुन्हा खोडावा न लागणारा एक पत्ता मिळावा, एवढीच मागणी आहे. ती दयेची आहे असे आम्ही मानीत नाही. किंग्जवेच्या बराकी उघडताना या शहराने जे नाते मान्य केले होते, त्याच नात्याने ती मान्य व्हावी.